गुरुवारचा मामा

पत्रातलं अक्षर इतकं सुबक होतं की मास्तरांना आधी संशयच आला. गेली अकरा वर्षं ते रविवारच्या पुरवणीत ‘शोधून देतो’ हे सदर चालवत होते, आणि त्यांचा अनुभव असा की ज्यांना टीव्हीवरचं काही अर्धवट आठवतं, त्यांचं अक्षरही अर्धवटच असतं. ‘एक बाई होती, ती जिन्यावरून पडायची, पुढे काय झालं?’ अशा थाटाची पत्रं यायची. एकाने नुसतं ‘ती निळी गाडी कुठली?’ एवढं लिहून खाली पत्ता दिला होता. मास्तरांनी ती गाडीसुद्धा शोधून दिली. मालिका कृष्णधवल होती. गाडी निळी कशावरून, हे विचारायचा मोह त्यांनी मोठ्या कष्टाने आवरला.

मास्तरांनी आयुष्यात कुणाला शिकवलं नव्हतं. वर्तमानपत्राच्या कचेरीत एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, टीव्हीच्या कार्यक्रमांचं वेळापत्रक जुळवून छापायला देणं. चुकलं तर लोक फोन करून झाडायचे, बरोबर असलं तर कुणी जिवंत आहात का असंही विचारायचं नाही. त्यामुळे दुसऱ्याच्या चुका काढण्याची त्यांना जी खोड लागली, तिचंच पुढे ‘मास्तर’ झालं. निवृत्त होताना त्यांनी स्वतःची आणि आधीच्या माणसाने जपलेली सगळी कात्रणं घरी आणली, त्यांची कार्डं केली आणि कार्डं बुटांच्या खोक्यांत भरली. विनोदी मालिका पिवळ्या कार्डांवर, रहस्य लाल, कौटुंबिक निळं, माहितीपर पांढरं. खोकी कपाटात आणि बूट दारात, अशी घरातली व्यवस्था होती. या व्यवस्थेबद्दल बायकोचं काय मत आहे ते सगळ्या इमारतीला पाठ होतं.

पत्र असं होतं:

‘मी बासष्ट वर्षांची आहे. बस डेपोत चौतीस वर्षं माइकवरून गाड्यांच्या घोषणा केल्या. मी सात-आठ वर्षांची असताना दर गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला टीव्हीवर एक विनोदी मालिका लागायची. नाव “निघतो आता”. एक मिशीवाला मामा दोन दिवसांसाठी भाचीकडे राहायला येतो आणि जातच नाही. माझ्या मुलाने सगळीकडे शोधलं, त्याला सापडली नाही. येत्या रविवारी मी माझ्या घराच्या किल्ल्या त्याच्या हवाली करायच्या असं ठरलं आहे. त्याआधी मालिका सापडली तर फार बरं होईल.’

मास्तरांनी ते दोनदा वाचलं. मालिकेचा आणि किल्ल्यांचा संबंध त्यांना लागेना. शिवाय ‘निघतो आता’ नावाचं कार्ड त्यांच्याकडे नव्हतं, आणि हे त्यांना जास्त लागलं.

“अहो, पत्राकडे बघत बसून काय होणार?” बायको म्हणाली. “पत्ता दिलाय ना? जा की विचारायला.”

*

मंगळवारी ते गेले. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. दारालगत भिंतीवर एक फळी, फळीला पाच आकडे, प्रत्येक आकड्याला एक किल्ली आणि प्रत्येक किल्लीखाली त्याच सुबक अक्षरातली चिठ्ठी: मुख्य दार, मागचं दार, गच्ची, कपाट, ‘कशाची माहीत नाही’.

“या. चपला डावीकडे,” बाई म्हणाल्या. आवाज असा की मास्तरांना वाटलं, आपली गाडी लागली असावी. “जिन्याची अकरावी पायरी सैल आहे. कळलंच असेल.”

“कळलं,” मास्तर घोटा चोळत म्हणाले.

बाईंनी सांगितलेली हकिकत अशी. गेल्या सहा महिन्यांत दूध दोनदा उतू गेलं, गॅस एकदा उघडा राहिला आणि चष्मा पिठाच्या डब्यात सापडला. मुलगा पूल बांधणारा इंजिनिअर. भेग दिसली की रस्ता बंद, ही त्याची कामाची रीत. तो त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी आधी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, मग म्हणाले, लहानपणचं काहीतरी सांगा. बाईंनी मामा सांगितला. डॉक्टर खो-खो हसले. मुलगा मात्र हसला नाही. घरी जाऊन त्याने मालिका शोधली, सापडली नाही, तसं त्याने डॉक्टरांना कळवलं. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी कागदावर काहीतरी टिपून घेतलं.

“मी उलटं वाचलं,” बाई म्हणाल्या. “खिडकीच्या त्या बाजूच्या माणसाच्या हातातला कागद उलटा वाचायचा, डेपोतली सवय. लिहिलं होतं, ‘नसलेल्या गोष्टी आठवतात.’ झालं. मुलगा म्हणाला, आई, आता तू एकटी राहायचं नाहीस, हे घर बंद करू.”

“मुलगा तसा...”

“मुलगा गुणाचा आहे हो. काळजीपोटीच करतोय. पण काळजी करणारी माणसं फार भराभर निर्णय घेतात.” बाई सरळ बसल्या. “चष्मा पिठात गेला, मला मान्य आहे. गॅस उघडा राहिला, तेही मान्य. पण मामा नव्हता हे मी मान्य करणार नाही. तो जर नव्हता, तर मग मला माझ्या कुठल्याच गोष्टीची खात्री उरत नाही. मग खुशाल घेऊन जाऊ देत किल्ल्या.”

मास्तरांना आता संबंध लागला. त्यांनी वही काढली.

त्यांची एक पद्धत होती. माणसाच्या आठवणीतली विशेषणं खोडायची आणि वस्तू तेवढ्या ठेवायच्या. लोक नटाचं नाव चुकवतात, गोष्टीचा शेवट चुकवतात, पण टेबलावर काय ठेवलेलं होतं ते सहसा चुकवत नाहीत.

“खोलीत काय काय होतं?”

“एक टेबल. दोन खुर्च्या. फुलदाणीत एक फूल, ते दोन वर्षांत एकदाही सुकलं नाही. पाण्याचा पेला, कुणी न प्यायलेला. भिंतीवर घड्याळ, कायम दहा वाजून दहा मिनिटं. टेबलावर कागद. मामा निघायचा झाला की कागद गोळा करून टेबलावर उभे आपटायचा, ठक ठक. की संपलाच भाग.”

“भाची कशी?”

“जाड चष्म्याची, शांत. आणि एका भागात मामा शेळी घेऊन आला होता.”

“घरात?”

“म्हणाला, मी निघालो की तुला सोबत हवी ना.” आणि बाईंनी एकदम आवाज बदलला. समोर बसलेल्या, नीटनेटक्या, केस घट्ट बांधलेल्या बाईंच्या गळ्यातून मिशी असलेला आवाज बाहेर आला. “पोरी, निघतो आता.” लगेच बारीक आवाजात, “बसा हो मामा, चहा टाकते.” “टाकच. पण अर्धाच टाक. तेवढा पिऊन निघतो.” “अर्धा चहा कसा टाकतात?” “मग पूर्ण टाक, आणि दोनदा दे.”

मास्तर हसले. अकरा वर्षांत कुणी त्यांना मालिका अशी संवादांसकट आणून दिली नव्हती.

“घरी आणखी कोण बघायचं?”

“मी आणि माझी ताई. बाबांचं टीव्ही-दुरुस्तीचं दुकान होतं, गुरुवारी बंद. म्हणून आमचा टीव्ही फक्त गुरुवारी लागायचा. बाकीचे दिवस त्याला विश्रांती हवी म्हणायचे. पण ते स्वतः बघायचे नाहीत. पेचकस घेऊन टीव्हीच्या मागे बसायचे. चालू कार्यक्रम मागून सांभाळावा लागतो म्हणे.”

“ताईंना विचारलंत?”

“फोनवर विचारलं, मामा आठवतो का. म्हणाली, आठवतो की. आणि लगेच माझ्या गुडघ्यांची चौकशी करायला लागली.”

*

बुधवार मास्तरांनी पिवळ्या कार्डांत घालवला. आधी शिरस्त्याप्रमाणे त्यांनी गुरुवारची साडेसहाची वेळ काढली. तिथे त्या वर्षांत ‘आपली गुरं’ असा पांढऱ्या कार्डावरचा कार्यक्रम होता, जनावरांच्या निगेबद्दल. मास्तरांनी ते कार्ड जागच्या जागी ठेवलं आणि वहीत नोंद केली: ‘बाईंचा वार किंवा वेळ चुकते आहे.’ मग त्यांनी विनोदी मालिका उपसायला घेतल्या.

तीन हाती लागल्या. पहिलीत पाहुणा होता, पण तो पाचव्या भागात मरत होता. दुसरीत मिशी होती, पण ती मालकिणीच्या कुत्र्याला. तिसरीत घड्याळ बंद पडलेलं होतं आणि सगळी मालिका त्या घड्याळाच्या दुरुस्तीवरच होती. तिचे सव्वीस भाग कुणी पाहिले असतील याचंच मास्तरांना कौतुक वाटलं. संध्याकाळपर्यंत पलंगावर, जमिनीवर आणि शिवणयंत्रावर पिवळी कार्डं पसरली होती.

“एवढी विनोदी कार्डं आणि घरात हसतंय कोण?” बायको चालायला वाट शोधत म्हणाली.

गुरुवारी संध्याकाळी ती मटार सोलत बातम्या बघत होती. मास्तर शेजारी बसले होते, म्हणजे शरीराने. बातम्या संपल्या, निवेदकाने समोरचे कागद गोळा केले आणि टेबलावर उभे आपटले.

“हे मेले कागद का आपटतात हो?” बायको म्हणाली. “वाचतात तर समोरच्या काचेवरून. कागद नुसते आपटायलाच आणतात.”

“सवय असते.”

“तुमचा तो मामाही आपटायचा ना?”

“हो.”

“का?”

“निघायचं म्हणून.”

बायकोने मटाराची शेंग हातात तशीच धरली. “अहो, पाहुणा घरी येतो तेव्हा पिशवी आणतो, बॅग आणतो. माझ्या माहेरचे तर रिकाम्या हाताने आले. पण कागद कोण आणतं? निघताना पाहुणा कागद कशाला आपटेल?”

मास्तर उठले. त्यांनी वही उघडली आणि मंगळवारचं पान काढलं. टेबल, दोन खुर्च्या, न सुकणारं फूल, कुणी न प्यायलेलं पाणी, चालत नसलेलं घड्याळ, कागद. मग त्यांनी पानाच्या डोक्यावर स्वतःच्याच अक्षरात लिहिलेला शब्द वाचला: ‘विनोदी’. विशेषणं खोडायची हा नियम त्यांनी स्वतः केला होता आणि पहिलंच विशेषण खोडायला ते विसरले होते.

“शेळी!” ते म्हणाले. “शेळी आली होती गं घरात! आणि मी अकलेचा कांदा तिला विनोद समजलो!”

“कांदा नका म्हणू,” बायको शेंग सोलत म्हणाली, “तो निदान उपयोगी पडतो.”

*

टीव्ही केंद्राच्या टेप-खोलीचा जुना रखवालदार आता ऐंशीच्या पुढे गेला होता. लोक त्याला टेपवाला म्हणत. केंद्र नव्या इमारतीत गेलं तेव्हा भंगारात निघालेल्या टेपा आणि त्या लावायचं कपाटाएवढं यंत्र त्याने रीतसर चिठ्ठी घेऊन घरी आणलं होतं. त्याचा मुलगा गाडी रस्त्यावर उभी करायचा, कारण गाडीच्या जागेत टेपा राहत होत्या.

“आपली गुरं?” टेपवाला म्हणाला. “मास्तर, तुला ठाऊक आहे ना आमचं कसं होतं? टेपा महाग. कार्यक्रम दाखवून झाला की त्याच टेपेवर दुसरा. लेबलावर लेबल. खालच्या लेबलाचा कार्यक्रम स्वर्गवासी.”

“एकही नाही?”

“थांब. असा रडू नकोस.” त्याने काठीने एक टेप दाखवली. विटेहून जाड, वर लेबल: ‘नाट्यस्पर्धा, अंतिम फेरी’. “ही बघ. ती स्पर्धा झालीच नाही. परीक्षकांचं भांडण झालं. म्हणजे लेबल लावलं, पण वर काही घेतलंच नाही. मग खाली कोण झोपलंय, बघू या.”

त्याने किटलीत पाणी उकळायला ठेवलं. मास्तरांना वाटलं चहा. टेपवाल्याने टेपेचा खोका किटलीच्या तोंडाशी धरला, वाफेवर लेबल सुटू दिलं आणि नखाने अलगद सोललं. खाली दुसरं लेबल होतं, पिवळट, शाई पसरलेली: ‘आपली गुरं. शेळी.’

यंत्र बरंच कुरकुरलं. पडद्यावर आधी मुंग्या आल्या, मग चित्र. आवाज आला नाही. “वायर सैल असणार,” म्हणत टेपवाला यंत्राच्या मागे वाकला.

मास्तर बघत राहिले. एक टेबल. दोन खुर्च्या. फुलदाणी, फूल. पाण्याचा पेला. भिंतीवर दहा वाजून दहा मिनिटं. झुपकेदार मिशीचा माणूस काहीतरी विचारत होता आणि जाड चष्म्याची बाई शांतपणे उत्तर देत होती. डावीकडून एक शेळी आली, तिने टेबलाचा वास घेतला आणि मिशीवाल्याकडे पाहिलं. मास्तरांना स्पष्ट ऐकू आलं, ‘पोरी, मी निघालो की तुला सोबत हवी ना.’

“मामा!” ते ओरडले. “हा मामा आहे!”

“कुणाचा?” टेपवाला मागून म्हणाला आणि त्याने वायर बसवली. खर्र झालं, आणि मिशीवाला खणखणीत आवाजात बोलला, “तर डॉक्टरबाई, खूर कापायच्या आधी जनावराला विश्वासात कसं घ्यायचं?”

मास्तरांनी वही मिटली.

सगळं सापडलं होतं. वार बरोबर, वेळ बरोबर, मिशी, चष्मा, घड्याळ, शेळी, सगळं जागच्या जागी. फक्त मालिका नव्हती. आणि हे असं पुढ्यात नेऊन ठेवलं तर बाईंचा मुलगा काय म्हणणार? शेळीच्या खुरांची माहिती पाहून आईला भाची, मामा आणि अर्धा चहा आठवतो. डॉक्टरांनी लिहिलं तेच खरं म्हणणार. आपण शोधून शोधून किल्ल्या त्याच्याच हातात द्यायच्या?

“सापडल्यावर तोंड पाडणारा पहिलाच माणूस बघतोय,” टेपवाला म्हणाला.

“अरे, मघाशी मला मामा दिसला होता. तू आवाज लावलास आणि तो गेला.”

असं म्हणताना मास्तर थांबले. आवाज लावला आणि मामा गेला. आवाज नव्हता तोवर मामा होता. पडद्याच्या मागे टेपवाला अजून वाकलेलाच होता; त्याचं नुसतं टक्कल दिसत होतं.

“बाबा टीव्हीच्या मागे बसायचे,” मास्तर हळूच म्हणाले.

“कुणाचे?” टेपवाला म्हणाला. पण मास्तर चपला शोधत होते.

*

थोरल्या ताईचा नंबर बाईंनी कशाला म्हणून न विचारता दिला. नंबर त्यांना पाठ होता. मास्तरांनी शनिवारी सकाळी फोन लावला.

“ताई, तुमच्या टीव्हीला आवाज होता का?”



“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“शेळीने.”

ताई हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांचा आवाज ओला झाला. “बाबांनी शपथ घातली होती हो. धाकटीला सांगायचं नाही म्हणून. मोठी झाली की तिचं तिला कळेल, म्हणाले. आता बासष्टची आहे, अजून कळलं नाही.”

गोष्ट साधी होती. एका गिऱ्हाइकाचा टीव्ही तातडीने हवा होता आणि दुकानात स्पीकर नव्हता. बाबांनी घरच्या टीव्हीचा काढून तिकडे बसवला. उद्या दुसरा आणतो म्हणाले. सबंध गावाचे टीव्ही दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या घरी तो उद्या दोन वर्षं उजाडला नाही. पहिल्याच गुरुवारी धाकटी पडद्यासमोर मांडी घालून बसली, तोंडं हलताना दिसली, आवाज येईना, आणि ती रडायच्या बेतात आली. बाबा घाईघाईने मागे गेले आणि मागून म्हणाले, ‘पोरी, निघतो आता.’

“भाचीचा आवाजही तेच काढायचे?”

“तेच. पहिले काही भाग आम्हाला भाची जरा घोगरी वाटायची. मग सुधारले. नाव दिसू नये म्हणून टीव्ही दोन मिनिटं उशिराच लावायचे. समोरच्या भिंतीवरच्या आरशात त्यांना पडदा दिसायचा, ओठ बघून बोलायचे. आई स्वयंपाकघरात पदर तोंडात धरून हसायची. त्या शेळीच्या भागात तर कहर झाला. बोलता बोलता हात कशाला तरी लागला आणि शॉक बसला. ओरडले, ‘आई गं, मेलो!’ धाकटीने टीव्हीच्या मागे हाक मारून विचारलं, काय झालं? तर मामाच्याच आवाजात म्हणाले, ‘काही नाही पोरी, शेळीने लाथ मारली.’”

“मग बाई तुम्हाला विचारत होत्या तेव्हा...”

“तिने विचारलं मामा आठवतो का. आठवतोच. कुठला, ते तिने विचारलं नाही. किल्ल्यांचं मला एका शब्दाने बोलली असती, तर शपथ गेली खड्ड्यात!”

*

रविवारी मास्तर टेपेची नक्कल, आवाज वगळून, लॅपटॉपवर घेऊन गेले. बायकोही आली. या प्रकरणात निम्मा हक्क आपला आहे, असं तिचं म्हणणं होतं आणि ते खोडायची कुणाची छाती नव्हती.

मुलगा आधीच आला होता. उंच, नम्र, दोन दिवस न झोपलेला चेहरा. त्याच्यासमोर टेबलावर कागद होते: घर बंद करायचा अर्ज, डॉक्टरांची चिठ्ठी, सामानाची यादी.

“काका, तुम्ही एवढे कष्ट घेतलेत, आभारी आहे,” तो म्हणाला. “पण मी पण शोधलंय. अशी मालिका नव्हती.”

“नव्हतीच,” मास्तर म्हणाले.

बाईंचा चेहरा दगडासारखा झाला. मास्तरांनी लॅपटॉप त्यांच्यासमोर सरकवला.

“बाई, यात आवाज नाही. काय चाललंय ते आम्हाला कळणार नाही. तुम्ही जरा सांगाल, कोण काय म्हणतंय?”

चित्र सुरू झालं. टेबल, खुर्च्या, दहा वाजून दहा मिनिटं. बाईंनी तोंडावर हात ठेवला. मग हात खाली घेतला, पाठ ताठ केली, अंगठ्याने टेबलावरचं न दिसणारं एक बटण दाबलं आणि बोलायला सुरुवात केली.

बावीस मिनिटं बाई थांबल्या नाहीत. मामा बोलला की मिशी हलायची, भाची बोलली की चष्मा. शेळी आली तेव्हा शेळीही बोलली. ओठ आणि शब्द इतके जुळत होते की मास्तरांच्या बायकोने एकदा लॅपटॉपच्या मागे डोकावून पाहिलं. मुलगा आधी आईकडे बघत होता, मग पडद्याकडे, मग दोन्हीकडे बघता येईना म्हणून नुसता ऐकत राहिला.

चौदाव्या मिनिटाला बाई एकदम किंचाळल्या, “आई गं, मेलो!” आणि लगेच म्हणाल्या, “काही नाही पोरी, शेळीने लाथ मारली.”

“थांब आई,” मुलगा म्हणाला. मास्तरांनी चित्र थांबवलं. “इथे मामाचं तोंड बंद आहे. आणि शेळी तर तिकडे कोपऱ्यात आहे.”

“ते मला कधीच कळलं नाही,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदा डगमगला. “पण तो असंच म्हणाला होता. मी ऐकलंय. मी टीव्हीच्या मागे हाकही मारली होती.”

“मागे हाक का मारलीत?” मास्तरांनी विचारलं. “मामा तर पुढे होता.”

बाईंनी लॅपटॉपच्या मागे पाहिलं.

मास्तरांनी वहीतलं शनिवारचं पान उघडून मुलासमोर ठेवलं. “हे काल तुमच्या मावशींनी फोनवर सांगितलं. आईंशी त्यांचं याबद्दल अवाक्षर झालेलं नाही. वाचा.”

मुलाने वाचलं. पुन्हा वाचलं. मग वही आईकडे दिली. बाईंनी चष्मा लावला, सुबक अक्षरांची सवय असलेल्या डोळ्यांनी मास्तरांचं गिचमीड अक्षर वाचून काढलं आणि वही मांडीवर ठेवली.

“म्हणजे भाचीही बाबाच?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“आणि शेळी?”

“शेळीही.”

बाईंनी मान हलवली. “शेळी फार छान करायचे.”

मास्तरांच्या बायकोने नाक पुसलं आणि सर्दीला दोष दिला.

“काका,” मुलगा म्हणाला, “डॉक्टरांना हे कसं सांगायचं?”

“सांगा, आईंना नसलेलं काही आठवत नाही. जे कानावर पडलं ते जसंच्या तसं आठवतं. चोपन्न वर्षांनंतर, शॉकसकट.”

मुलाने चिठ्ठीकडे पाहिलं. “दूध तरीही उतू गेलं होतं.”

“माझं आठवड्यातून दोनदा जातं,” मास्तरांची बायको म्हणाली. “आणि ह्यांचा चष्मा एकदा फ्रीजमध्ये सापडला, अंड्यांच्या जागेवर. ह्यांच्या किल्ल्या कुणाला द्यायच्या?”

“गॅसला आपोआप बंद होणारी कळ मिळते,” मुलगा स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. “आणि ती अकरावी पायरी मीच बसवून टाकतो. भेग तिथे आहे.” मग लहान मुलासारखं त्याने विचारलं, “आई, शेवटी मामा गेला का गं?”

“माहीत नाही. मधेच तो टीव्ही विकला. नवा आणला त्याला आवाज होता. मला वाटलं होतं, मालिका बंद झाली.”

मुलगा उठला. त्याने टेबलावरचा अर्ज, चिठ्ठी आणि यादी गोळा केली, कडा जुळाव्यात म्हणून हातात उभी धरली आणि टेबलावर आपटली. ठक ठक.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्याला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि त्याचे कान लाल झाले.

“बस,” बाई उठत म्हणाल्या. “चहा टाकते.”

मुलगा दाराजवळच्या फळीपाशी उभा राहिला. पाची किल्ल्या जागच्या जागी होत्या. त्याने कागदांची घडी करून खिशात घातली आणि परत येऊन खुर्चीत बसला.

“अर्धाच टाक,” तो म्हणाला.

आत गॅस पेटल्याचा आवाज आला. तो बघायला उठला नाही.